सिग्नलच्या परीक्षेची दोन वर्षे

माझे वडील रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते आणि त्यांची बहुतेक नोकरी दौंडच्या आसपासच्या लहान स्टेशनांवर झाली. रात्री दोन वाजता ट्रॅक फेल झाल्याचा निरोप आला की ते मल्टिमीटर, स्पॅनर आणि विजेरी पिशवीत टाकून सायकलवर निघत आणि सकाळी परत आले की काय बिघडले होते ते आईला चहा पिता पिता सांगत. पॉईंट, रिले, लोकेशन बॉक्स, ओव्हरलॅप हे शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी आमच्या स्वयंपाकघरात ऐकले होते. पुढे पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन मी बेंगळुरूच्या एका सिग्नल डिझाइन कार्यालयात नोकरीला लागले, तेव्हा हा विषय आपल्याला घरातूनच येतो अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत २०१६ च्या ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी, दीड तासात दूर झाली.

ती परीक्षा होती इन्स्टिट्यूशन ऑफ रेल्वे सिग्नल इंजिनिअर्स या संस्थेची. १९१२ साली लंडनमध्ये स्थापन झालेली ही संस्था जगभरातल्या सिग्नल अभियंत्यांची व्यावसायिक संस्था आहे, भारतातही तिची शाखा आहे, आणि तिची परीक्षा वर्षातून एकदा ऑक्टोबरमध्ये होते. मी बसले तेव्हा तिचे सात विभाग होते, प्रत्येक विभाग दीड तासाचा होता, आणि परीक्षा उत्तीर्ण व्हायला सुरक्षिततेचा पहिला विभाग आणि त्याखेरीज आणखी तीन असे चार विभाग पार करावे लागत. ते एकाच वर्षी दिले पाहिजेत असे बंधन नव्हते. आता ती रचना बदलली असून ए, बी, सी, डी असे चार विभाग झाले आहेत, त्यामुळे मी पुढे जे लिहिते आहे त्यातले वेळापत्रक आणि प्रश्नपत्रिकेचे रूप आजच्या उमेदवाराला जसेच्या तसे लागू पडणार नाही. अभ्यास कसा करावा याबद्दल मला जे सांगायचे आहे ते मात्र अजूनही लागू पडेल, अशी माझी खात्री आहे.

पहिल्या वर्षी मी पहिले तीन विभाग निवडले: सुरक्षितता, नकाशावर सिग्नल बसवणे, आणि सिग्नलिंगची तत्त्वे. ऑफिस सुटल्यावर रोज दोन तास आणि रविवारी सहा तास असा माझा नेम होता. मी वह्या भरभरून टिपणे काढली, व्याख्या पाठ केल्या, जुन्या प्रश्नपत्रिकांची उत्तरे लिहून ठेवली. या पद्धतीत एक मोठी उणीव होती आणि ती मला सुरक्षिततेच्या विभागाचा अभ्यास करताना थोडीशी जाणवली, पण तेवढ्यावर मी सावध झाले नाही.

त्या विभागात अपघातांचा अभ्यास करावा लागतो. सुरुवात बहुधा आर्माच्या अपघातापासून होते. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्माहून रविवारच्या शाळेतल्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना घेऊन निघालेली सहलीची गाडी एकास पंचाहत्तरच्या चढावर दमली. गाडी दोन तुकड्यांत वर न्यायची ठरवून मागचे डबे सोडवले गेले. त्यांचा ब्रेक असा होता की इंजिनापासून तोडल्यावर तो आपोआप लागत नसे, उलट सुटत असे. चाकांखाली लावलेले दगड चिरडले गेले आणि दहा डबे उतारावरून मागे धावत सुटले. मागून दुसरी गाडी येत होती, कारण त्या मार्गावर गाड्या केवळ वेळेच्या अंतराने सोडल्या जात. पहिली गेल्यावर वीस मिनिटांनी दुसरी, मग पहिली कुठेही असो. ऐंशी माणसे मेली आणि त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी मार्गांवर तीन गोष्टी सक्तीच्या केल्या: एका वेळी एका ब्लॉक सेक्शनमध्ये (मार्गाच्या ठरवून दिलेल्या तुकड्यात) एकच गाडी, पॉईंट (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे हलते रूळ) आणि सिग्नल यांचे इंटरलॉकिंग, म्हणजे मार्ग नीट लागल्याशिवाय सिग्नल न मिळण्याची सोय, आणि संपूर्ण गाडीला आपोआप लागणारा ब्रेक.

हे मी बाबांना फोनवर सांगितले तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हणजे मंकी हिलचीच गोष्ट की." पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्याचा घाट उतरणारी गाडी मंकी हिलला थांबते हे मी लहानपणापासून पाहिले होते, पण का थांबते हे कधी विचारले नव्हते. बोरघाटाचा चढ एकास सदतीसचा, म्हणजे आर्माच्या दुप्पट तीव्र. तिथे उतारावरच्या मार्गातून एक आडमार्ग फोडून तो डोंगरावर चढवलेला आहे, त्याला कॅच साइडिंग म्हणतात, आणि पॉईंट एरवी त्या आडमार्गाकडेच लावलेला असतो. ब्रेक सुटलेली गाडी आली तर ती त्या चढावर चढून थांबावी, खालच्या गाडीवर जाऊन आदळू नये, यासाठी ही रचना आहे. ताब्यात असलेली गाडी आधी उभी राहते, आणि ती उभी राहिली म्हणजेच ब्रेक धरतो आहे हे सिद्ध झाल्यावर मुख्य मार्गाचा पॉईंट लावून सिग्नल दिला जातो. एका ओळीत सांगण्यासारख्या या गोष्टीत सुरक्षिततेचे तत्त्व पूर्ण आले आहे: उपकरणाची सहज अवस्था ही धोक्याच्या शक्यतेला धरून ठरवायची आणि सुरक्षित असल्याचा पुरावा मिळेपर्यंत ती बदलायची नाही. आर्मा मी टिपणातून पाठ केले होते. मंकी हिलमुळे ते मला समजले.

पहिल्या वर्षी मी या एकाच विभागात उत्तीर्ण झाले. त्याचे श्रेय या फोनवरच्या बोलण्यांना आहे, वहीला नाही.

नकाशाच्या विभागात मी नापास झाले, आणि ते योग्यच होते. त्या विभागात उमेदवारापुढे रुळांचा एक मोठा नकाशा ठेवतात. त्यावर जंक्शन असते, प्लॅटफॉर्म असतात, मालधक्का असतो, कुठे चढ-उतार असतात. सिग्नल मात्र एकही नसतो. सोबत गाड्यांचा वेग, लांबी, ब्रेकची क्षमता आणि किती मिनिटांनी गाडी सोडता आली पाहिजे याची माहिती असते. दीड तासात आधी हिशेब करायचे, मग सगळा नकाशा सिग्नलांनी भरायचा. हिशेब तसे अवघड नाहीत. समजा वेग ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर आहे आणि ब्रेक सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद या दराने वेग कमी करतो. तर गाडी थांबायला ९०० मीटर लागतील. सिग्नल दिसण्याचे अंतर ३०० मीटर, ओव्हरलॅप (लाल सिग्नलच्या पुढेही मोकळे ठेवायचे अंतर) १८० मीटर आणि गाडीची लांबी २४० मीटर धरली, तर लाल, पिवळा, हिरवा अशा तीन रंगांच्या सिग्नलांमध्ये मागच्या चालकाला कायम हिरवा दिसण्यासाठी दोन गाड्यांत २५२० मीटर अंतर हवे, म्हणजे ८४ सेकंद. दुहेरी पिवळा मिळवून चार रंग केले तर सिग्नल ४५० मीटरवर आणता येतात, अंतर २०७० मीटरवर येते आणि वेळ ६९ सेकंदांवर. हा हिशेब मला झोपेतही आला असता. प्रश्न त्यानंतरचा असतो: मागणी अडीच मिनिटांची असेल तर चार रंगांचा खर्च कशासाठी करायचा? तीन रंगांत भागत असेल तर सिग्नल किती दूर नेता येतील, आणि फार दूर नेल्यास पिवळा पाहिलेला चालक पुढचा लाल येईपर्यंत सावधपणा टिकवेल का? हे मी त्या दिवशी स्वतःला विचारले नाही. सूत्राने दिलेले कमीत कमी अंतर घेतले आणि नकाशा चार रंगांच्या सिग्नलांनी गच्च भरला.

त्याहून मोठी चूक वेगळीच होती. या परीक्षेत कोणत्याही देशाच्या रेल्वेच्या पद्धतीने उत्तर लिहिता येते, फक्त ती पद्धत कोणती हे सांगावे लागते आणि शेवटपर्यंत पाळावे लागते. ऑफिसात माझे काम ब्रिटनच्या प्रकल्पांवर चालत असे आणि घरातले शिक्षण भारतीय रेल्वेचे होते, त्यामुळे माझ्या नकाशावर दोन्ही मिसळले. ओव्हरलॅप मी काही ठिकाणी भारतीय नियमाप्रमाणे १२० मीटरचा ठेवला आणि काही ठिकाणी ब्रिटिश सवयीप्रमाणे १८० मीटरचा. लूपमध्ये, म्हणजे मुख्य मार्गाच्या बाजूच्या मार्गावर, जाणाऱ्या गाडीला आपल्याकडे होम सिग्नलवर (स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलवर) पिवळा आणि मार्ग दाखवणारे पाच पांढरे दिवे मिळतात आणि त्याआधीचा डिस्टंट दुहेरी पिवळा दाखवून चालकाला आगाऊ कळवतो की पुढे वेग कमी करायचा आहे. ब्रिटनमध्ये पुष्कळ ठिकाणी जंक्शनचा सिग्नलच गाडी जवळ येईपर्यंत लाल धरून ठेवतात आणि अशा रीतीने चालकाला वेग उतरवायला लावतात. मी पाच दिवे काढले, पण डिस्टंटचा क्रमही नीट दाखवला नाही आणि लाल धरून ठेवण्याची खूणही केली नाही. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुरक्षित आहेत. माझ्या नकाशावरच्या जंक्शनकडे मात्र चालक पूर्ण वेगाने आला असता आणि त्याला कोणीच काही सांगितले नसते.

निकाल हाती आल्यावर मी घरी गेले तेव्हा हा नकाशा आठवणीतून पुन्हा काढून बाबांना दाखवला. त्यांना हिशेब समजून घेण्यात रस नव्हता. त्यांनी एका सिग्नलवर बोट ठेवले आणि विचारले, "हा इथे का?" मी सूत्र सांगितले. "ते राहू दे. हा इथे नसता तर काय झालं असतं, ते सांग."

दुसऱ्या वर्षीचा सगळा अभ्यास या एका प्रश्नावर झाला. वह्या मी बाजूला ठेवल्या आणि दर रविवारी बाबांशी तासभर फोनवर बोलू लागले. अॅप्रोच लॉकिंगचे उदाहरण घेते. सिग्नल दिल्यावर, गाडी जवळ आलेली असताना स्टेशन मास्तरने तो परत लाल केला तर मार्ग लगेच सुटत नाही; आपल्याकडे १२० सेकंद जावे लागतात आणि मगच पॉईंट हलवता येतो. हा आकडा मला पाठ होता. बाबा म्हणाले, "अगं, ड्रायव्हरनं हिरवा बघून झालाय. आता तू लाल केलास तरी गाडी काय जागेवर थांबते का? ती थांबली असेल किंवा पॉईंटवर चढून आपला ट्रॅक तरी घेतला असेल, एवढा वेळ पॉईंट धरून ठेवायचा." या उत्तरात ब्रेकचे अंतर, सिग्नल दिसण्याचे अंतर, चालकाची प्रतिक्रिया आणि ट्रॅक सर्किट (रुळांतून वीज सोडून तिथे गाडी आहे की नाही हे ओळखणारे सर्किट) या चारही गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या, आणि तिसऱ्या विभागातला परीक्षक नेमकी हीच जोडणी शोधत असतो.

रिलेच्या बाबतीतही असेच झाले. आपल्याकडे दोन घराण्यांचे रिले, म्हणजे विजेने उचलले जाणारे स्विच, वापरात आहेत. एकात धातूचा संपर्क कार्बनशी होतो. असा संपर्क वितळून चिकटत नाही, त्यामुळे वीज गेली की आर्मेचर (रिलेचा हलता भाग) स्वतःच्या वजनाने खाली पडणार यावर भरवसा ठेवता येतो. दुसऱ्यात धातूशी धातू टेकतो, तो चिकटण्याची शक्यता असते, म्हणून तो रिले खरोखरच पडला आहे याची खातरजमा सर्किटमध्येच दुसऱ्या संपर्काने करून घ्यावी लागते. मी कॉलेजात ही दोन नावे आणि फरकाचे पाच मुद्दे शिकले होते. एका बाजूला घटकावर विश्वास ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला सर्किटने त्या घटकावर पहारा ठेवायचा, असे हे सुरक्षिततेचे दोन वेगळे विचार आहेत, हे बाबांशी बोलताना लक्षात आले. संगणकावर चालणाऱ्या आजच्या इंटरलॉकिंगमध्ये दोन किंवा तीन प्रोसेसर एकमेकांची उत्तरे ताडून पाहतात, तो या दुसऱ्या विचाराचाच पुढचा टप्पा आहे.

ट्रॅक सर्किटवरचा प्रश्न तर मी पूर्णपणे पावसाळ्यावर बेतला. खडी ओली झाली, तिच्यात माती आणि शेण मिसळले की दोन रुळांमधला विजेचा रोध उतरतो आणि गाडी नसतानाही रिले पडतो. म्हणून स्टेशनच्या हद्दीत किलोमीटरला किमान २ ओहम आणि ब्लॉक सेक्शनमध्ये ४ ओहम रोध राहिला पाहिजे, अशी आपल्याकडची अट आहे. सिग्नल लाल होतो, गाड्या खोळंबतात, प्रवासी वैतागतात आणि मेंटेनर पावसात निघतो. तरीही बिघाड सुरक्षित बाजूला झालेला असतो. याच्या उलट, न वापरलेल्या रुळावर गंज चढला तर हलकी गाडी उभी असूनही रिले उचललेलाच राहू शकतो, आणि हा बिघाड कोणाला वैताग देत नाही, म्हणूनच तो भयंकर असतो.

या सगळ्यात एक प्रसंग मला वेगळा सांगायचा आहे. १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ झालेल्या अपघातात ३५ माणसे मेली. नव्या सिग्नल यंत्रणेचे काम चालू होते. एका तंत्रज्ञाने जुनी वायर रिलेकडच्या टोकाला सोडवली, पण कापली नाही, तिचे टोक बंद केले नाही, आणि दुसरे टोक फ्यूजला तसेच राहिले. पुढे त्याच खोलीत दुसरे काम करताना ती वायर हलली आणि जुन्या जागी टेकली. गाडी पुढे उभी असताना सिग्नल लाल झाला नाही. चौकशीत असेही समोर आले की त्या तंत्रज्ञाला आधीच्या तेरा आठवड्यांत एकच दिवस सुटी मिळाली होती. मी हे वाचून दाखवत असताना बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी टी/३५१ च्या फॉर्मबद्दल सांगायला सुरुवात केली. सिग्नलच्या कुठल्याही गिअरला हात लावण्याआधी मेंटेनर तो फॉर्म भरून स्टेशन मास्तरची सही घेतो आणि काम झाल्यावर, तपासणी करून, जोडल्याची नोंद देतो. "गाडी खोळंबली की सगळे म्हणतात, लिहायचं नंतर बघू, आधी हात घाल. मी कधीच घातला नाही. त्यापायी बोलणी खाल्ली." एवढ्या वर्षांत त्यांनी हे घरी कधी सांगितले नव्हते. २ जून २०२३ रोजी बालासोरजवळ बहानगा बाजार स्टेशनवर कोरोमंडल एक्सप्रेस मुख्य मार्गाचा सिग्नल मिळूनही लूपमधल्या मालगाडीवर गेली आणि चौकशीत सर्किटमधल्या आधीच्या बदलांमधल्या त्रुटी पुढे आल्या, तेव्हा त्यांनी मला रात्री फोन केला आणि एवढेच विचारले की तुमच्याकडे वायरिंग कोण तपासते, ज्याने केले तोच की दुसरा.

२०१७ ची परीक्षा मी पूर्णपणे भारतीय पद्धतीने दिली आणि नकाशाच्या कोपऱ्यात ते सर्वांत आधी लिहिले. तयारीसाठी वास्तुविशारदांचे नकाशे छापणाऱ्या एका दुकानातून मी जुन्या नकाशांच्या मोठ्या प्रती काढून घेतल्या होत्या आणि जूनपासून दर शनिवारी एक नकाशा घड्याळ लावून सोडवला होता. क्रमही ठरवून टाकला होता: वीस मिनिटांत हिशेब, मग जंक्शन आणि प्लॅटफॉर्मचे सिग्नल, कारण त्यांची जागा रुळच ठरवतात, मग आयसोलेशन, म्हणजे बाजूच्या मार्गावरून घरंगळणारा डबा मुख्य मार्गावर येऊ नये याची सोय, मग मधल्या मोकळ्या मार्गावरचे सिग्नल, आणि शेवटी ट्रॅक सर्किटचे जोड, फाउलिंगची खूण (जिच्या पलीकडे उभी गाडी शेजारच्या मार्गाला अडथळा करते ती) सांभाळून. मधले सिग्नल आधी मांडत बसले तर जंक्शनपाशी येईपर्यंत सगळे खोडावे लागते, हे मी चार नकाशे वाया घालवून शिकले.

तत्त्वांच्या विभागात दीड तासात तीन उत्तरे लिहायची असतात, म्हणजे एकाला अर्धा तास. दिवसभर कीबोर्डवर काम करणाऱ्या माणसाला अर्धा तास सलग हाताने लिहिणे आणि त्यातच सर्किटची आकृती काढणे जड जाते. हाताची तयारी वेगळी करावी लागते आणि ती शेवटच्या आठवड्यात होत नाही. पहिल्या प्रश्नाला पन्नास मिनिटे देऊन तो उत्तम लिहिणाऱ्यापेक्षा तिन्ही प्रश्न बऱ्यापैकी लिहिणारा पुढे जातो, म्हणून मी प्रत्येक उत्तराच्या वर संपण्याची वेळ लिहून ठेवली आणि ती झाली की वाक्य पूर्ण करून पान उलटले.

त्या वर्षी दोन्ही विभाग निघाले आणि पुढच्या वर्षी उपकरणांचा पाचवा विभाग देऊन परीक्षा पूर्ण झाली. नकाशाचा विभाग उत्तीर्ण झाल्यावर तो नकाशाही मी आठवणीतून काढून घरी नेला होता. बाबांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला, होमपासून ॲडव्हान्स्ड स्टार्टरपर्यंत, म्हणजे स्टेशनातून बाहेर पडतानाच्या शेवटच्या सिग्नलपर्यंत, बोट फिरवत नेले, एका ठिकाणी कॉलिंग-ऑन (गाडीला सावकाश पुढे बोलावणारा छोटा सिग्नल) राहिला आहे हे दाखवले, आणि मग उत्तरेकडच्या टोकाच्या लोकेशन बॉक्सची, म्हणजे रुळालगतच्या उपकरणांच्या पेटीची, जागा कुठे धरली आहेस असे विचारले. ते दाखवणे परीक्षेत अपेक्षित नव्हते. मी नाल्याच्या पलीकडे बोट ठेवले. त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि बॉक्स अलीकडे, भरावावर काढला. पावसाळ्यात रात्री नाला ओलांडून तिथे जावे लागले असते, असे ते म्हणाले.